पिवळ्या कीबोर्डाची बखर

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण परभणीच्या माणसाला कुणी शिकवावी लागत नाही. ती त्याला बाळकडूबरोबरच पाजलेली असते. ती कुणी, केव्हा आणि काय पाहून तयार केली याबद्दल इतिहासाने मौन पाळलं आहे. आणि मी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवल्यामुळे मलाही तेच पाळावं लागतं. जर्मनीची आणि परभणीची गाठ नेमकी कुठे पडते, असं एखाद्या आगाऊ विद्यार्थ्याने विचारलं, की मी ‘यमकात’ एवढंच सांगून त्याला खाली बसवत असे. आमच्या गावाबद्दल आणखी एक म्हण आहे : ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी.’ म्हणजे कुठेच जमलं नाही तर इकडे या. पहिली म्हण आम्ही पाहुण्यांना ऐकवतो. दुसरी, बदली होऊन आलेले अधिकारी स्टेशनावर उतरताना स्वतःशी पुटपुटतात.

पण २०२३ च्या मे महिन्यात, भर दुपारी, डोक्याला पंचा गुंडाळून आणि हातात रबरी मोजे घालून, मी आमच्या गच्चीवर कुरडयांच्या शेजारी एक कीबोर्ड वाळत घालत होतो. आणि त्या क्षणी जर्मनी आणि परभणी यांचा खराखुरा ऐतिहासिक संबंध मला सापडला. त्याचीच ही हकिकत.

त्याचं असं झालं, की पुण्याहून आमच्या कन्येचा फोन आला. ती हिंजवडीत कॉम्प्युटरमध्ये काहीतरी करते. काय करते ते तिने मला सात-आठ वेळा समजावून सांगितलं आहे आणि दर वेळी मी ‘अस्सं होय’ म्हणालो आहे. ती म्हणाली, “बाबा, माळ्यावरचा आपला जुना कॉम्प्युटर भंगारात नका देऊ हं. मला हवाय. दिवाळीला आले की घेऊन जाते.”

मी “छे छे, भंगारात कशाला देतोय!” म्हणालो. आवाज शक्य तितका निष्पाप ठेवला. कारण आदल्याच आठवड्यात मी भंगारवाल्या चाचांना घरी बोलावलं होतं. त्यांनी यंत्राकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, “सर, ये तो पूरा पीला पड गया. इसका क्या देना?”

मी म्हटलं, “चाचा, सोनंसुद्धा पिवळंच असतं.”

“तो सोना लाओ ना सर, सोने का भाव देतूं.”

चाळीस रुपयांवरून सौदा फिसकटला आणि यंत्र वाचलं. पुष्कळसा इतिहास असाच भाव न पटल्यामुळे शिल्लक राहिलेला असतो.

पण चाचांचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. मॉनिटर जुन्या तुपासारखा दिसत होता. कॅबिनेटला कावीळ झाली होती. कीबोर्ड तर असा पिवळा पडला होता, की त्याला मुंडावळ्या बांधून बोहल्यावर उभा करावा. नवा होता तेव्हा त्याचा रंग वेगळा होता. पांढरा नव्हे; त्या काळच्या कॉम्प्युटरांना धड पांढरा रंग कधी नव्हताच. १९७७ चा ॲपल टू घ्या, १९८१ चा आयबीएमचा पीसी घ्या, सगळ्या घराण्याचा वर्ण एकच. इंग्रज त्याला बेज म्हणतात. मराठीत त्याला नाव नाही असं म्हणतात ते खोटं आहे. तो ज्वारीच्या भाकरीचा रंग. आमच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’ नावाची ज्वारी काढली आहे. तिची भाकरी थापून कॉम्प्युटरशेजारी ठेवली असती तर यंत्र कुठलं आणि जेवण कुठलं हे हात लावल्याशिवाय कळलं नसतं.

हा कॉम्प्युटर आमच्याकडे आला तो २००० साली, पतसंस्थेचं कर्ज काढून. कर्जाच्या अर्जात ‘मुलीच्या उच्च शिक्षणासाठी’ असं कारण लिहिलं होतं. मुलगी तेव्हा तिसरीत होती. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात एमएस-सीआयटी नावाचा अभ्यासक्रम सुरू झाला, पुढे तो सरकारी नोकरांच्या मागे लागला, आणि कानावरचे केस पिकलेले गृहस्थ शाळकरी पोरांच्या शेजारी बसून माऊस धरायला शिकले. मीही शिकलो. पण त्या यंत्राचे खरे मालक ठरले आमचे नाना.

नाना म्हणजे माझे वडील. जन्म १९३२ चा, निजामाच्या राज्यातला. घरात मराठी, पण कारभाराची भाषा उर्दू आणि शाळेचं माध्यमही उर्दू. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं तेव्हा नाना सोळा वर्षांचे होते आणि अलिफ-बेवर त्यांचा हात पक्का बसलेला होता. पुढे ते महसूल खात्यात कारकून झाले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९६४ साली मराठी राजभाषेचा कायदा झाला. नानांचं टेबल तेच राहिलं, टेबलावरची भाषा बदलत गेली. शेवटपर्यंत त्यांचं मराठी अक्षर किंचित बिचकलेलं असे आणि उर्दू अक्षर मात्र एखाद्या लग्नपत्रिकेसारखं.

१९९० साली ते निवृत्त झाले. त्याच्या आसपास राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं जाळं जिल्ह्याच्या गावांपर्यंत येऊन पोचलं होतं. त्या काळी कॉम्प्युटर थंडगार खोलीत राहत आणि त्यांच्या दर्शनाला जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. नाना म्हणायचे, “आपल्याकडं चपला काढायच्या जागा तीनच. देऊळ, दर्गा आणि कॉम्प्युटर.” त्या खोलीत ते स्वतः कधी गेले नाहीत, दारातूनच पाहून आले. त्यामुळे दहा वर्षांनी कॉम्प्युटर आमच्याच घरात येऊन बसला, तेव्हा अडुसष्ट वर्षांचे नाना खोलीच्या उंबऱ्यापाशी चपला काढूनच आत आले. ती सवय त्यांनी कधी सोडली नाही.

शिकवायला मास्तरीण म्हणजे आमची कन्या, इयत्ता तिसरी. मराठी लिहिण्यासाठी इन्स्क्रिप्ट नावाची अक्षरांची मांडणी होती. तीत ‘क’ सुदैवाने इंग्रजी ‘के’वरच असतो, पण ‘ल’ जाऊन बसतो ‘एन’वर आणि ‘न’ ‘व्ही’वर. नाना म्हणाले, “ही कुठली बाराखडी गं? पंगतीत जागा मिळंल तिथं बसल्यासारखी बसलीय.” मग त्यांच्या लक्षात आलं, की काना-मात्रा नि स्वर डाव्या बाजूला आहेत आणि बहुतेक व्यंजनं उजव्या बाजूला. “असं होय! मांडवातल्यासारखं. बायका इकडं, पुरुष तिकडं.” त्यानंतर ती मांडणी त्यांना पटली. त्यांनी जुन्या कॅलेंडरचे कोरे समास कापून ३८ चिठ्ठ्या केल्या, बॉलपेनने एकेक अक्षर लिहिलं आणि सेलोटेपने त्या कळांवर चिकटवल्या. उजव्या हाताच्या एका बोटाने अक्षरं आणि अंगठ्याने मधली जागा, अशा पद्धतीने त्यांनी आठ वर्षं खपून घराण्याची हकिकत लिहिली. एकसष्ट पानं. तिच्यात निजामाची राजवट आहे, १९७२ चा दुष्काळ आहे, आणि मी सातवीत नापास झालो तेही आहे, तारखेनिशी. २००९ साली नाना गेले. कॉम्प्युटरला हिच्या जुन्या साडीची खोळ शिवून आम्ही तो माळ्यावर ठेवला.

तर असा हा वारसा दिवाळीपर्यंत गोरा करायचा होता.

आपल्याकडे वस्तू साफ करण्याचं घरगुती ज्ञान एवढं अफाट आहे, की त्यापुढे रसायनशास्त्राने हात जोडावेत. हिने तांब्या-पितळेच्या अनुभवावरून चिंच सुचवली. शेजारच्या काकूंनी दंतमंजन सुचवलं. कुणी लिंबू नि मीठ म्हणालं, कुणी खायचा सोडा. मी धोतराच्या आठवणीने नीळ आणली. धोतर पिवळं दिसायला लागलं की आई निळीच्या पाण्यातून काढायची. त्याने पिवळेपणा जात नाही. त्यावर थोडा निळा चढतो आणि डोळ्यांना पांढऱ्याचा भास होतो. तो भास कापडावर होतो. प्लास्टिकवर मात्र निळे ओघळ तेवढे उमटले. शेवटी मी नेलपॉलिश काढायचं द्रव आणलं आणि माऊसवर एक थेंब टाकून अंगठ्याने घासलं. त्यात ॲसिटोन असतं आणि ॲसिटोनमध्ये हे प्लास्टिक विरघळतं, हे मला अंगठा चिकटल्यावर कळलं. त्या माऊसवर आजही माझ्या अंगठ्याचा असा स्वच्छ ठसा आहे, की रजिस्टर कचेरीत खरेदीखताला तो नेऊन लावावा.

या सगळ्या घासाघाशीत एक गोष्ट मात्र झाली. साबणाचं कोमट पाणी नि जुना टूथब्रश यांनी कीबोर्डाचा मळ गेला. कळांच्या फटींतून राजगिऱ्याचा लाडू, मांजराचे केस, शिसपेन्सिलीचं टोक आणि एक पंचवीस पैशांचं नाणं निघालं. मळ गेला, आणि पिवळेपणा जास्तच उजळ दिसायला लागला. तोंड धुतल्यावर म्हातारपण स्पष्ट दिसतं तसा.

शेजारी एक सद्गृहस्थ राहतात. कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले डॉक्टर, म्हणजे भेंडीचे. त्या विद्यापीठाने १९८० च्या दशकात ‘परभणी क्रांती’ नावाची भेंडी काढली, ती माहीत असेलच. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, त्या केवडा रोगापुढे टिकणारी म्हणून तिचं नाव झालं. तेव्हा पिवळेपणाच्या बाबतीत गावात त्यांच्याहून अधिकारी पुरुष कोण? ते कुंपणापाशी आले. म्हणाले, “काय करायलात सर?” मी सांगितलं. त्यांनी कीबोर्ड हातात घेऊन पानासारखा उलटासुलटा पाहिला.

“सर, मळ वेगळा आणि पिवळेपणा वेगळा. मळ बाहेरून येऊन बसतो, तो धुतला की जातो. हे आतून आलंय. भेंडीचं पान तुम्ही साबणानं धुतलं तर केवडा जाईल का?”

बत्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला कुणी असं उदाहरणासकट समजावून सांगितलं की वाईट वाटतं. पण मुद्दा खरा होता. मी कन्येला फोन केला, तिने दोन-तीन गोष्टी सांगितल्या, आणि त्या धाग्याने मी स्वतः वाचायला बसलो. वाचता वाचता सनावळ्या दिसायला लागल्या आणि मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

या प्लास्टिकचं नाव एबीएस. ॲक्रिलोनायट्राइल, ब्यूटाडाइन आणि स्टायरीन या तिघांचा हा संगम. त्याचं पेटंट निघालं १९४८ साली, म्हणजे आमचा मराठवाडा निजामाच्या हातून सुटला त्याच साली. १९५४ मध्ये ते बाजारात आलं. लहान मुलांचे ते लेगोचे ठोकळे १९६३ पासून याचेच बनतात. यातलं ब्यूटाडाइन हे रबराच्या जातीचं. वस्तू हातातून पडली तरी तडकू नये ही व्यवस्था त्याची. पण प्रकाश, उष्णता आणि हवेतला प्राणवायू यांची वर्षानुवर्षं संगत लागली की पहिल्यांदा बिघडतं तेही हेच, आणि बिघडलं की पिवळं दिसतं. शिवाय, यंत्र तापून पेट घेऊ नये म्हणून अशा प्लास्टिकमध्ये पुष्कळदा ब्रोमीनची द्रव्यं घालत. त्यांच्यावरही पिवळेपणाचा आरोप आहे. कुणाचा वाटा किती, यावर जाणकारांत भाऊबंदकी चालू असते. आपण एवढंच लक्षात घ्यायचं, की पडून फुटू नये आणि आगीत जळू नये म्हणून ज्यांना आत घेतलं, त्यांनीच रंग घालवला. एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकाला हे अधिक फोडून सांगायला नको.

“पण मी तर अंधारात ठेवला होता, खोळ घालून,” मी डॉक्टरांना म्हणालो. त्यांनी वर बोट दाखवलं. माळ्यावर पत्रे. परभणीचा मे महिना, वर पत्रे आणि खाली नायलॉनच्या साडीची खोळ. उन्हाचं पोर नाही म्हणून काय झालं, उष्णतेने कुणाला सोडलंय!

आता यावरचा उपाय. आणि इथे जर्मनी येते.

जर्मनीत वुपरटाल नावाचं शहर आहे. ॲस्पिरिनची गोळी १८९७ साली तिथल्याच बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाली. तिथे १९०१ पासून रुळाला खाली लटकून धावणारी रेल्वे आहे. आमच्याकडे मनमाडच्या बाजूने मीटर गेजची गाडी आली तीही साधारण त्याच सुमाराला, पण ती रुळाच्या वरून धावायची, नि तेवढीसुद्धा वेळेवर नाही. त्या वुपरटालात कमोडोर कंपनीच्या जुन्या कॉम्प्युटरांचं एक संग्रहालय आहे. १९८२ साली निघालेला कमोडोर ६४ त्या काळात घराघरांत गेलेला, आणि पुढे घराघरांत पिवळा पडलेला. २००८ च्या सुमाराला तिथे योगायोगाने ध्यानात आलं, की हे पिवळं पडलेलं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पाण्यात काही दिवस बुडवून ठेवलं तर त्याचा मूळ रंग परत येतो. मग जगभरच्या हौशी मंडळींनी त्यात भर घातली : ऊन दाखवलं तर काम दिवसांऐवजी तासांत होतं. म्हणजे युक्ती जर्मनीची. पण तिला लागणारं ऊन? ते बिचाऱ्या जर्मनीने कुठून आणावं? तिथे हे लोक विजेचे अतिनील दिवे विकत आणून लावतात. आमच्याकडे ते ऊन मार्चपासून जूनपर्यंत, मागितलं नाही तरी, सकाळी नऊ वाजता दारात येऊन उभं राहतं. जगात जर्मनी, भारतात परभणी! हाच तो संबंध. इतकी वर्षं मी विद्यार्थ्यांना उगाच खाली बसवत होतो.

हायड्रोजन पेरॉक्साइडचा शोध लागला १८१८ साली. लुई थेनार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने लावला. आमच्याकडे १८१८ म्हटलं की पेशवाई बुडाली, एवढंच मुलं पाठ करतात. इकडे शनिवारवाड्याचा रंग उडाला, त्याच साली तिकडे रंग उडवण्याचं औषध निघालं.

औषधाच्या दुकानात ते जखमा धुवायला मिळतं. बाटलीवर ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण सहा टक्के. पण ते पाण्यासारखं ओघळतं, कळांवर राहत नाही. दाट व्हावं म्हणून काही लोक त्यात आरारूट घालतात. मी घालून पाहिलं. खीर झाली. शेवटी कन्येने सांगितलं, की केस रंगवायच्या दुकानात हेच द्रव्य बारा टक्क्यांचं, लोण्यासारखं घट्ट मिळतं. मी आमच्या गल्लीतल्या पार्लरमध्ये गेलो. आत बसलेल्या चार बायकांनी एकदम पदर सावरले. पार्लरवाल्या वहिनी माझ्या माजी विद्यार्थिनी. त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं, तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं, आणि अत्यंत आदराने विचारलं, “सर, कुणासाठी पाहिजे?”

“कीबोर्डासाठी,” मी म्हणालो. त्या दिवसापासून पार्लरच्या पायरीवर माझ्याबद्दल काय बोललं जातं ते मी विचारलेलं नाही.

लावण्याआधी कळांवरच्या नानांच्या चिठ्ठ्या काढणं भाग होतं. सेलोटेप तपकिरी होऊन कडक झाला होता. खोबरेल तेलाचं बोट लावून लावून मी एकेक चिठ्ठी सोडवली. आणि तेव्हा दोन गोष्टी दिसल्या.

एक, प्रत्येक चिठ्ठीखाली कळेवर एक पांढरा चौकोन होता. कागदाने झाकलं होतं तिथे प्रकाश पोचला नव्हता. पिवळ्या कीबोर्डावर अडतीस पांढऱ्या खिडक्या.

दुसरी गोष्ट चिठ्ठ्यांवरच होती. वरचा मळ गेल्यावर प्रत्येकीच्या कोपऱ्यात मुंगीएवढं आणखी एक अक्षर दिसलं. ‘क’च्या कोपऱ्यात काफ, ‘ल’च्या कोपऱ्यात लाम, ‘म’च्या मीम, ‘न’च्या नून. नानांनी मराठी कॉम्प्युटर उर्दूतून पाठ केला होता. अडुसष्टाव्या वर्षी, नातीसमोर, गुपचूप. ‘ल’च्या चिठ्ठीवर ‘ळ’ही होता; त्याच्या कोपऱ्यात नुसता ठिपका. उर्दूत ळ नाही. आठ वर्षं तो कीबोर्ड आमच्या डोळ्यांसमोर होता आणि मी, घरातला इतिहासाचा मास्तर, कधी वाकून पाहिलं नव्हतं.

ही म्हणाली, “आता राहू द्या की. कामून पांढरा करायलात?”

पण औषध तर आणलं होतं. पैसे गेले होते. मोहिमेवर निघालेला माणूस मागे फिरल्याची उदाहरणं इतिहासात फार थोडी.

गच्चीवर ऊन मुबलक होतं, पण जागेवरून तंटा होता. मे महिन्यात गच्ची वाळवणाची असते, आणि वाळवण बायकांचं असतं. कुरडया, उडदाचे पापड, सांडगे, शेवया असे हिचे प्रांत ठरलेले. वाटाघाटी होऊन मला पाण्याच्या टाकीजवळची अडीच फूट जमीन मिळाली. मी कीबोर्डाची वरची चौकट खोलली, कळा उपटल्या, सगळ्यांना ते लोणी फासलं, वाळू नये म्हणून पारदर्शक प्लास्टिक गुंडाळलं. दर तासाने उलटायचं आणि परत लावायचं, नाहीतर पट्टे उठतात. पहिल्या खेपेला मोजे घालायचे विसरलो. पाच मिनिटांत बोटांची टोकं पांढरीफेक पडून चुरचुरायला लागली. कीबोर्डाच्या आधी मीच गोरा झालो. (ज्यांना हा उद्योग करायचा असेल त्यांनी मोजे आणि चष्मा आधी घालावा, बढाया मागून माराव्यात.)

ही जिन्यात उभी राहून म्हणाली, “हळदीचा डाग उन्हात उडतोय हे मला आईनं शिकवलं. तुम्हाला त्याला जर्मनी लागली.” ही वसमतची. हळदीच्या गावची. वसमत आमच्याच जिल्ह्यात होतं. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि माझी सासुरवाडी रातोरात परजिल्ह्यात गेली. तेव्हापासून हळदीच्या विषयावर मी तिच्याशी वाद घालत नाही. आणि तसंही ती बरोबर होती. हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो आणि ऊन दाखवलं की उडतो.

चिठ्ठ्या मी पुसून वर्तमानपत्रावर सुकायला मांडल्या होत्या. दुपारी अडीचच्या सुमाराला वावटळ आली. परभणीची वावटळ पूर्वसूचना देत नाही. वर्तमानपत्र उभं राहिलं, आणि नानांची अडतीस अक्षरं गच्चीभर उडाली. मी ओरडलो. ही धावत आली, डॉक्टर कुंपणावरून आले, रस्त्याने चाचा हातगाडी घेऊन चालले होते ते गाडी टाकून वर आले. पुढचा पाऊण तास चार साठीच्या पुढची माणसं गच्चीत, जिन्यात, गटारात आणि डॉक्टरांच्या भेंडीत अक्षरं वेचत होती. चाचांना ‘म’ सापडला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, “सर, ये तो मीम है! बहोत अच्छा खत है. किसका है?” मी सांगितलं. मग त्यांनी बाकीची वेचताना एकेक अक्षर कुर्त्याला पुसून माझ्या हातात दिलं.

सदतीस सापडली. एक नाही. ‘डी’च्या कळेवरची. तिच्यावर वर ‘अ’ आणि खाली अक्षराचा पाय मोडायची खूण होती. ज्याचा पाय मोडका, तेच सगळ्यांत लांब पळालं.

संध्याकाळी मी कीबोर्ड धुतला. काय सांगू, भाकरीसारखा झाला होता! एका बाजूला थोडे पट्टे होते, पण रंग परत आला होता. २००० सालचा. मी कळा बसवल्या. सगळे म्हणाले, वा. आणि मग माझ्या लक्षात आलं, की त्या अडतीस पांढऱ्या खिडक्या आता दिसत नाहीत. सगळंच पांढरं झाल्यावर खिडकी कुठे आणि भिंत कुठे? नानांनी चिठ्ठी कुठे लावली होती, किती वर्षं लावली होती, याचा पुरावा मी माझ्या हाताने, बारा टक्क्यांनी, धुऊन टाकला होता. मळ धुतला तेव्हा मला नाना सापडले होते. पिवळेपणा धुतला तेव्हा त्यातले थोडे गेले. बत्तीस वर्षं पोरांना ‘साधनं जपावीत’ म्हणून सांगितलं, आणि साधन हातात आल्यावर त्याला पार्लरचं लोणी फासलं. त्या रात्री जेवण गेलं नाही.

दिवाळीला कन्या आली. तिने कीबोर्ड मांडीवर घेतला. मी आधीच सगळं कबूल करून टाकलं : चिठ्ठ्या, वावटळ, खिडक्या. ती काही बोलली नाही. तिने डोळे मिटून कळांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “बाबा, हे बघा.”

स्पेसबारच्या उजव्या बाजूला, अंगठा पडतो तिथे, प्लास्टिक गुळगुळीत होऊन काचेसारखं चमकत होतं. ‘ई’ची कळ, म्हणजे काना, तशीच. ‘व्ही’ची, म्हणजे ‘न’, थोडी कमी. न, काना, न, काना. एकसष्ट पानांखाली नानांनी किती वेळा सही केली होती कोण जाणे. तो मळ नव्हता, पिवळेपणाही नव्हता. ती झीज होती. तिथे वर काही चढलं नव्हतं. तिथलं प्लास्टिकच नानांच्या बोटाबरोबर निघून गेलं होतं. जे निघून गेलंय ते धुणार कसं? ते कुठल्याही साबणाला, उन्हाला आणि जर्मनीला पुरून उरलं होतं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ही पापड तळायला बसली आणि स्वयंपाकघरातून हाक आली, “अहो, इकडं या जरा.” डब्यातल्या एका उडदाच्या पापडाला ‘अ’ चिकटला होता. तेलाच्या डिंकाने मे महिन्यात पकडून ठेवलेला, मोडक्या पायासकट. तो पापड आम्ही तळला नाही.

सदतीस चिठ्ठ्या आणि एक पापड घेऊन कन्या पुण्याला गेली. कीबोर्ड तिच्या टेबलावर आहे. त्या खोलीत ती चपला घालून जात नाही, असं जावईबापूंकडून कळलं.

आता पेरॉक्साइडचा स्वभाव असा, की ते वरवरचा रंग उडवतं, आतलं म्हातारपण नाही. ते आपल्या गतीने वर येतच राहतं. परवा तिचा फोन आला. “बाबा, कडेकडेनं परत पिवळा पडायलाय.”

मी म्हटलं, “मे महिन्यात घेऊन ये. ऊन आहे, गच्ची आहे, वहिनींचं पार्लर आहे.”

“नको,” ती म्हणाली, “पडू दे आता.”

मी फोन ठेवला आणि हिला सांगितलं. ती म्हणाली, “बरं झालं. टाकीजवळ सांडगे घालता येतील.”